व्याण्याच्या आदल्या रात्री डुकरीण थैमान घालते? सुई भरण्याआधी कप्पा बघा

तक्रार साधारण अशी असते. मादीचे दिवस भरलेत, कास उतरलीय, सड पिळला की चीक दिसतो. आणि नेमकी त्याच रात्री ती वेड्यासारखी करायला लागते. उठते, बसते, परत उठते. पुढच्या पायांनी कोबा खरवडते, गज चावते, तोंडाला फेस आणते. व्यायला लागते ती सात-आठ तास व्यातच राहते. दोन-तीन पिल्लं मेलेली निघतात, एखादं अंगाखाली जातं, आणि पहिलारू (पहिल्यांदाच व्याणारी) असेल तर एखाद्या पिल्लाला चावून मोकळी होते. पुढच्या वेताला पुन्हा तेच.

एकच मादी असं करत असेल तर दोष मादीत शोधावा. पण वेगवेगळ्या माद्या एकाच कप्प्यात असंच करत असतील तर दोष कप्प्यात आहे. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला दोन उन्हाळे लागले.

आमचं शेड दौंडच्या पुढच्या कोरडवाहू पट्ट्यात आहे. लार्ज व्हाईट यॉर्कशायर आणि लँडरेस या जातींच्या संकराच्या चौदा माद्या. सुरुवातीला व्याण्यासाठी लोखंडी क्रेट (गजांचे अरुंद पिंजरे) बसवून घेतले होते, आत नुसता कोबा, रोज धुऊन चकाचक. मला त्या स्वच्छतेचा अभिमान होता. एका रात्री पहिलारू मादी क्रेटमध्ये इतकी खरवडत होती की तिच्या नाकाडाच्या वरच्या कडेची सालटी निघाली. मी गजाला टेकून बसलो होतो, खांद्यावर टॉवेल. तिने गजातून तोंड घालून टॉवेल ओढला, मागे नेता येईना म्हणून पुढ्यातच टाकला, पायाने खाली दाबला, पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. वीस मिनिटं हाच कार्यक्रम. मी डॉक्टरांना फोन लावायच्या बेतात होतो. शेडवर कामाला असलेली मावशी म्हणाली, "आवो दादा, येडी न्हाय झाली ती. जागा करतीया."

ती खरोखर जागाच करत होती.

ती नेमकं काय करत असते

डुकरीण व्याण्याआधी घरटं करते. रानडुकरीण करते तसंच. कळपापासून बाजूला होते, आडोसा शोधते, जमीन उकरून खळगा करते, तोंडाने गवत-काटक्या आणून त्यात रचते आणि मग त्यात शिरून पडते. १९८० च्या दशकात एडिंबरामध्ये स्टोल्बा आणि वूड-गश या संशोधकांनी शेडमधली साधी पाळीव डुकरं मोठ्या मोकळ्या, झाडाझुडपांच्या जागेत सोडून पाहिली. पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडे राहिलेल्या त्या जनावरांनी व्याण्याआधी घरटी केलीच. म्हणजे ही सवय आपण घालवू शकलेलो नाही.

हे काम साधारण व्याण्याआधी २४ तासांत सुरू होतं आणि शेवटच्या ६ ते १२ तासांत ऐन भरात येतं. अंगातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं, प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन चढतं, आणि आतून हुकूम सुटतो. पेंढा समोर असो वा नसो, हुकूम सुटतोच. फरक पडतो तो पुढे. पेंढा मिळाला, घरटं झालं, की ते झाल्याची जाणीव मादीला अंगाखालून मिळते आणि ती शांत होऊन कुशीवर पडते. नुसता कोबा असेल तर काम पूर्णच होत नाही. ती उकरत राहते, गज चावत राहते, आणि पहिलं पिल्लू बाहेर पडत असतानाही उठबस चालू राहते. अंगाखाली पिल्लं जातात ती बरीचशी या उठबशीत.

आता हे व्याणं लांबण्याशी कसं जोडलेलं आहे ते. व्याण्याच्या वेळी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन तसंही वाढतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण कोंडलेल्या, घरटं करता न आलेल्या मादीत, विशेषतः पहिलारूत, ते आणखी चढतं. ताणाखाली शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं आणि ती ऑक्सिटोसिनला, म्हणजे कळा आणणाऱ्या हार्मोनला, दाबतात. भीतीने सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन गर्भाशयाचे स्नायू सैल करतं. कळा मंदावतात, दोन पिल्लांतलं अंतर वाढतं, आणि रांगेत शेवटी असलेली पिल्लं आतच गुदमरतात.

आधी आजारपण बाजूला काढा

सगळंच कप्प्यावर ढकलू नका. थर्मामीटर लावा. व्याण्याआधी ताप ३९.५ अंशांच्या वर असेल, मादी उकरण्याऐवजी मलूल पडून असेल, निरणातून (योनीतून) घाण वासाचा स्राव असेल, तर हे घरट्याचं प्रकरण नाही. डॉक्टर बोलवा. व्याणं सुरू झाल्यावर पिल्लं साधारण पंधरा-वीस मिनिटांनी एक अशी येत राहतात. ती जोर करतेय आणि पाऊण-एक तास काहीच नाही, तरीही डॉक्टर.

मेलेलं पिल्लूही उकिरड्यावर टाकण्याआधी नीट बघा, ते बरंच सांगतं. खुराच्या टोकाला मऊ, पिवळसर, रबरासारखं टोपण असतं. ते जसंच्या तसं असेल तर पिल्लू चाललेलंच नाही, म्हणजे ते बहुधा मेलेलंच जन्मलं. टोपण झिजलेलं असेल तर ते जिवंत जन्मून उभं राहिलं होतं आणि नंतर दबलं किंवा गारठलं. शंका राहिली तर फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाका, श्वास न घेतलेलं फुफ्फुस बुडतं. हा फरक महत्त्वाचा, कारण मेलेली जन्मणारी पिल्लं म्हणजे व्याणं लांबतंय, आणि दबणारी म्हणजे मादी अस्वस्थ आहे किंवा कप्प्यात पिल्लांना पळायला जागा नाही. दोन्हींचे उपाय वेगळे. आणि काळपट, वाळलेलं, आक्रसलेलं पिल्लू निघालं तर त्याचा या रात्रीशी काहीच संबंध नाही. ते कित्येक दिवस आधीच पोटात गेलेलं असतं. तिथे पार्व्होसारख्या रोगाची चौकशी करायची.

पहिला दोष: करायला काही नाही, वळायला जागा नाही

दहापैकी सहा-सात शेडवर मला हेच सापडतं. हा माझा अनुभव आहे, कुठलं सर्वेक्षण नव्हे.

क्रेटची आतली रुंदी साधारण ६० सेंटिमीटर असते, लांबी २ मीटरच्या थोडी पुढे. त्यात मादीला उभं राहता येतं, पडता येतं, पण मागे वळता येत नाही. घरटं करणाऱ्या जनावराला वळता न येणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईला ओट्यासमोर बांधून ठेवण्यासारखं. शिवाय आधी गटात मोकळी फिरणारी पहिलारू अचानक क्रेटमध्ये घातली की तिचा ताण अनुभवी मादीपेक्षा जास्त असतो. चावण्याचे प्रकार बहुतेक पहिलारूंत दिसतात ते उगाच नाही.

क्रेट काढून फेका असं मी म्हणत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लं दबण्यापासून तो वाचवतो हे खरं आहे. मी केलं ते इतकंच: एक बाजू बिजागरीवर घेतली. व्याण्याआधी आठवडाभर ती बाजू उघडी, मादी पूर्ण कप्प्यात मोकळी. व्याणं संपून वार पडली, मादी दूध द्यायला कुशीवर पडली, की बाजू हळूच बंद. तीन-चार दिवसांनी पुन्हा उघडी. युरोपात बऱ्याच ठिकाणी हाच मधला मार्ग चालतो. स्वीडनने तर व्याणाऱ्या मादीला क्रेटमध्ये कोंडणं १९८० च्या दशकातच कायद्याने बंद केलं, आणि तिथले शेतकरी आजही डुकरं पाळतात.

क्रेट नसलेला साधा कप्पा असेल तर आपल्याकडच्या मापांप्रमाणे मादीमागे ७ ते ९ चौरस मीटर छताखालची जागा लागते. भिंतीकडेने गार्ड रेल (आडवा पाइप) हवाच: जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर उंच आणि भिंतीपासून तेवढाच लांब. मादी भिंतीला पाठ घासत धपकन बसते तेव्हा पाइपामागच्या त्या बोळात पिल्लू वाचतं.

आता सामान. भाताचा पेंढा सगळ्यात चांगला, कारण तो तोंडात धरता येतो आणि रचता येतो. आमच्याकडे भात नाही, त्यामुळे गव्हाचं काड किंवा सुकं गवत. उसाचं पाचट फुकट मिळतं, पण पात्याच्या कडा धारदार असतात. कास चिरली की पुढची सगळी गंमत संपली. वापरायचंच तर कुट्टी करून, आणि वर मऊ काड. सोयाबीनचं कुटार टोचतं आणि रचताही येत नाही, ते टाळा. लाकडाचा भुसा जमीन कोरडी ठेवतो, पण भुशाचं घरटं होत नाही.

पेंढ्याचा वास घेऊन बघा. बुरशीचा कुबट वास असेल तर तो कप्प्यात जाऊ देऊ नका. काही बुरशींतून झिअरॅलेनोन नावाचं विष तयार होतं, ते मादीच्या अंगात हार्मोनसारखं वागतं. निरण सुजते आणि पाय फाकलेली पिल्लं जन्मतात. पावसात भिजलेली पेंढ्याची गंजी स्वस्तात मिळाली म्हणून मी एकदा आणली होती. पुन्हा नाही.

किती घालायचं? मी व्याण्याच्या दोन दिवस आधीपासून रोज दोन-तीन किलो टाकतो. स्वीडनमध्ये काही ठिकाणी व्याण्याच्या दोन दिवस आधी एकदम १५ ते २० किलो बारीक कापलेला पेंढा देतात. आपल्या उन्हाळ्यात एवढ्या ढिगात मादी उकडून निघेल. थंडीत मात्र करून बघण्यासारखं आहे. नाली तुंबते म्हणून पेंढा टाकता येत नसेल तर धुतलेली दोन-तीन बारदानं गजाला बांधून लोंबती सोडा. ती ओढते, फाडते, खाली घालते. पूर्ण समाधान होत नाही, पण गज चावणं कमी होतं. प्लॅस्टिकचं पोतं मात्र नको, धागे पोटात जातात.

दुसरा दोष: हलवायला उशीर

गाभणकाळ ११४ दिवसांचा, दोन दिवस इकडे-तिकडे. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं पाठ करून ठेवा. मादीला व्याण्याच्या कप्प्यात १०७ ते १०९ व्या दिवशी हलवायचं. बहुतेक जण सडातून चीक दिसला की हलवतात. चीक दिसला म्हणजे घड्याळात २४ तासही उरलेले नसतात. अशा वेळी तिला नवी जागा, नवा वास, नवा शेजार मिळतो, आणि घरटं करायच्या ऐवजी ती बाहेर पडायची वाट शोधत राहते.

हलवताना सकाळी लवकर, काठी न लावता, पुढे पाटी धरून. तिला साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, गोचीड-खरजेचा इलाज आधीच झालेला असावा. खाजणारी मादी रात्रभर भिंतीला घासते आणि आपण त्याला ताण म्हणतो. कप्पा धुऊन किमान दोन-तीन दिवस सुकलेला हवा. ओल्या कोब्यावर ती घसरते, आणि एकदा घसरलेली मादी बसताना जपून बसत नाही, कोसळते.

तिसरा दोष: पत्रा

महाराष्ट्रात मला हा दोष पहिल्याच्या बरोबरीचा वाटतो, मार्च ते जून तर त्याहून मोठा.

डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. चिखलात लोळणं आणि धापा टाकणं हेच त्याचे उपाय. व्याणाऱ्या मादीला १८ ते २२ अंश बरे वाटतात, नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ लागतात. एकाच कप्प्यात दोन ऋतू सांभाळायचे आहेत, आणि आपण काय करतो? पिल्लांना ऊब म्हणून मादीच्या डोक्याजवळ बल्ब लावतो. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी खाली उष्णता सोडत असतो, त्यात हा बल्ब. मादी बेचैन होणार नाही तर काय होईल.

तपासायची रीत सोपी. तापमापक आपल्या नाकाच्या उंचीवर न टांगता मादीच्या पाठीच्या उंचीवर, तिला चावता येणार नाही असा टांगा. मग ती पडलेली असताना बरगडीची हालचाल अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. २० च्या आसपास श्वास म्हणजे ठीक. ४० च्या वर गेला तर तिला उकडतंय. व्याणं ऐन भरात असताना श्वास वाढलेलाच असतो, म्हणून हे मोजमाप आदल्या दिवशी दुपारी आणि रात्री नऊला करा. मला धक्का बसला तो रात्री नऊच्या आकड्याने. बाहेर वारा सुटलेला आणि आत मादी धापा टाकतेय.

आम्ही पत्र्यावर पाचटाचा जाड थर दिला, वरून जुनी जाळी बांधली, आणि राहिलेल्या भागाला चुना मारला. पश्चिमेकडून गोणपाटाचे पडदे, दुपारी ओले. पंखा मादीच्या डोक्यावरून जाईल असा, पिल्लांच्या कोपऱ्याला वारा लागू न देता. ठिबकच्या नळीतून मानेवर-खांद्यावर थेंब-थेंब पाणी पडतं ठेवता येतं. हे उत्तम चालतं, पण फक्त मादी एका जागी असताना आणि पाणी वाहून जायला उतार असेल तरच. सगळा कप्पा फवारून ओला करू नका, ओलं पिल्लू उन्हाळ्यातही गारठतं. बल्ब मादीला पोचता येणार नाही अशा कोपऱ्यात, फळीच्या आडोशाला. पिल्लं उबेकडे आपणहून जातात आणि मादीच्या अंगाखालून बाहेर राहतात. एका जागा बदलण्यात दोन कामं होतात.

पोट आणि पाणी

हा भाग शेडमध्ये मोडतो का, असं कुणी विचारेल. मोडतो, कारण पाणी प्यायचा निपल शेडचाच भाग आहे. लिटरची बाटली घेऊन निपल दाबून धरा. अर्ध्या मिनिटात भरली पाहिजे. आमच्या शेवटच्या कप्प्यात दोन मिनिटं लागत होती, आणि "त्या कोपऱ्यातल्या माद्या अवघड व्यातात" असं आम्ही आपसात म्हणायचो. कोपरा अपशकुनी नव्हता, नळीत शेवाळ होतं. टाकी उन्हात असेल तर पाणी इतकं गरम होतं की मादी तोंड लावून सोडून देते. टाकीवर सावली करा.

कमी पाणी, कमी हालचाल आणि नुसतं दाणेदार खाद्य मिळालं की मादीला बद्धकोष्ठ होतो. विष्ठा शेळीच्या लेंडीसारखी घट्ट, सुटी पडायला लागली की ओळखा. कडक आतडं प्रसूतीच्या वाटेवर दाब देतं, ती कुंथत राहते, व्याणं लांबतं, पुढे ताप आणि दूध आटणं. शेवटच्या आठवड्यात खाद्यात गव्हाचा कोंडा वाढवा, थोडा लसूणघास द्या. पेंढा दिला असेल तर तोही ती चघळतेच.

आवाज, शेजार, माणसं

यावर फार लिहीत नाही. नर शेजारच्या कप्प्यात नको. कुत्रं आत नको. दार धाडकन आपटत असेल तर चौकटीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोका. दिवाळीच्या आठवड्यात व्याणाऱ्या माद्या शेडच्या आतल्या बाजूला ठेवा. आणि त्या रात्री माणसं कमीत कमी, ती पण तिला रोज खाऊ घालणारीच. एरवी काठीने हाकणारा माणूस त्या रात्री आत आला तर ती उभी राहते, आणि ती उभी राहिली की व्याणं थांबतं. पाहुण्यांना पिल्लं दाखवायची हौस आठवड्याने भागवा.

आणि ती सुई

थैमान दिसलं की ऑक्सिटोसिन, हा आपल्याकडे पडलेला रिवाज आहे. मीही केलंय. वाट उघडलेली नसताना किंवा पिल्लू आडवं अडकलेलं असताना ही सुई दिली तर गर्भाशय आवळतं, नाळेवर दाब येतो, आणि जी पिल्लं उशिरा का होईना जिवंत आली असती ती मेलेली येतात. डॉक्टरांनी हात घालून वाट मोकळी आहे हे बघितल्याशिवाय ती द्यायचीच नाही. आदल्या रात्रीच्या खरवडण्यावर तर तिचा उपयोगच नाही, तिथे कमी असतो तो पेंढा.

एखादी पहिलारू सगळं करूनही पिल्लावर धावते. तेव्हा पिल्लं टोपलीत काढून बल्बखाली ठेवा, तिचं व्याणं संपू द्या, ती शांत पडली की एकेक करून सडाला लावा. बहुतेक वेळा घेते. चीक पहिल्या चोवीस तासांतच कामाचा, त्यामुळे यात रात्र घालवू नका.

मी आता प्रत्येक कप्प्याच्या दाराला पाटी लावतो. फळवल्याची (नर दाखवल्याची) तारीख, हलवल्याचा दिवस, रात्री नऊचं तापमान आणि श्वास, पेंढा कधी टाकला, पहिलं पिल्लू किती वाजता, शेवटचं किती वाजता, मेलेली किती आणि त्यांच्या खुरांची टोपणं कशी होती. आमच्याकडे अजून एक कोडं उरलंय: तिसऱ्या वेताची एक मादी पेंढा मिळूनही उचलून दाराशीच नेते आणि दारातच व्याते, येणं-जाणं बंद करून टाकते. कोपऱ्यात आडोसा केला, तरी दारच. आता पुढच्या वेताला दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला फळी ठोकणार आहे, बाहेरचं दिसू नये म्हणून. तिची तारीख भाद्रपदात आहे.